आजीचं कपाट आणि आपला बबल रॅप

"अगं, आलं बाई एकदाचं सोसायटीचं पत्र. एप्रिलअखेर घर रिकामं करून द्यायचंय."

२०२५च्या जानेवारीत आईचा हा फोन आला, तेव्हा मी डेक्कनला एका कॅफेत बसून दुसऱ्याच कुणाच्या तरी 'ड्रीम होम'वर आठशे शब्द पाडत होते. मुलुंड पूर्वेची आमची बिल्डिंग तीन मजली, लिफ्ट नाही, वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. तिच्या रीडेव्हलपमेंटच्या मिटिंगा मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. त्यामुळे ते खरंच होईल, असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. आणि आता अचानक आई-बाबा तीन वर्षांसाठी घोडबंदर रोडला वन बीएचकेत. (बिल्डर तीन म्हणतो. आपण काय ते समजून घ्यायचं!)

"आणि आजीचं कपाट?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "त्याचं आम्ही बघू. तू नको पडूस त्यात."

जाम लागलं ते. कारण त्या शांततेत काय होतं, हे मला नेमकं माहीत होतं. आजोबांचं टेबल.

सांगतेच आता सगळं. पुण्यात येऊन मला सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत मी पाच घरं बदलली. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, मग घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरतं किंवा भाडं तरी वाढतं. तुमच्यापैकी निम्मे लोक आत्ता मान डोलवत असणार. पहिलं शिफ्टिंग एका रिक्षात झालं होतं, गादी गुंडाळून मांडीवर. हल्ली अख्खा छोटा हत्ती लागतो. आपलं प्रमोशन पगारापेक्षा टेम्पोच्या साइजवरून जास्त कळतं, बॉस!

तिसऱ्या घरात मी आजोबांचं लिहायचं टेबल मुलुंडहून आणलं. सागवानी, उजवीकडे तीन खण, वर शिसवीचा पातळ पत्रा चिकटवलेला. आजोबा त्यावर हिशेब लिहायचे, बाबांनी त्यावर दहावीचा अभ्यास केला. मला देताना बाबा एवढंच म्हणाले होते, "लिहितेस ना, मग असू दे तुझ्याकडे."

२०२२च्या मे महिन्यात घराचं ॲग्रीमेंट संपलं आणि त्याच सुमारास मला दिल्लीत चार महिन्यांचं काम मिळालं. नवं घर ऑक्टोबरपासून. मधले महिने सामान कात्रज बाजूच्या एका गोडाऊनमध्ये ठेवलं. पॅकिंगवाली पोरं एकदम प्रोफेशनल. टेबलाला आधी बबल रॅप, त्यावर ते पारदर्शक स्ट्रेच रॅप, गर्र-गर्र फिरवून असं गुंडाळलं की ममीच जणू. वर खाकी टेप. मी फोटो काढून स्टेटसला टाकला. कसलं सॉलिड वाटलं होतं!

सप्टेंबरअखेर मी परत आले आणि ती ममी उघडली. आधी वास आला, बंद पडलेल्या बाथरूमचा असतो तसा. मग टेबल दिसलं. खणांच्या आत पांढरी-हिरवी बुरशी. मधला खण फुगून अडकलेला. वरचा शिसवीचा पत्रा कोपऱ्यातून उचलला गेलेला. आणि पॉलिशवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गोल-गोल ठिपके. बबल रॅपचे. टेबलाला कांजिण्या आल्यासारखे.

गोडाऊनच्या माणसाने मला माझ्याच सहीचा फॉर्म दाखवला. खाली बारीक अक्षरांत 'ओनर्स रिस्क'. मी गप्प घरी आले. दिवाळीनंतर बाबा पुण्याला आले, टेबलाजवळ बसले, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. बोलले काहीच नाहीत. पण मी चहाचा कप टेबलावर ठेवला, तो त्यांनी उचलून खिडकीत ठेवला. तेवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं, यार.

तर आता तुम्हाला कळलं असेल, आई का म्हणाली 'तू नको पडूस'. आणि मी का पडले, तेही.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने मुलुंडला पोचले, तेव्हा घरात तीन पॅकर्सवाले येऊन कोटेशन देऊन गेले होते. तिघांचंही एकच पालुपद : मॅडम, टेन्शनच घेऊ नका, थ्री लेयर पॅकिंग. चौथे आले ते आमचे सुतारकाका. मूळचे कणकवलीकडचे. आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक खिडकीला आणि कडीला त्यांचा हात लागलेला आहे. आता सत्तरीला टेकलेत, काम मुलगा बघतो. बाबांनी त्यांना फक्त कपाट बघायला बोलावलं होतं. मी त्यांना फोनवर टेबलाचा फोटो दाखवला.

काकांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "बाय, हे प्रवासाचं पॅकिंग. मुक्कामाचं वेगळं असतं."

आजवर मी शिफ्टिंगवर गुगलून जे काही वाचलं, त्या सगळ्यापेक्षा हे एक वाक्य भारी. कारण आपण सगळे नेमका इथेच घोळ घालतो. रस्त्यावर फर्निचरला भीती असते ती धक्क्याची, घासण्याची आणि एखाद्या अवकाळी सरीची. प्रवास दोन-चार तासांचा, फार तर दोन-चार दिवसांचा. तिथे प्लास्टिक उत्तम. पण मुक्कामात धक्का कोण मारणार? तिथे शत्रू एकच, दमटपणा. आणि तोच प्लास्टिक आत कोंडून ठेवतं.

लाकूड कापून साठ वर्षं झाली तरी हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. तुमच्या घरातला बाथरूमचा दरवाजा जुलैत खांद्याने ढकलावा लागतो आणि जानेवारीत त्याच दरवाजाला फट दिसते, ती यामुळेच. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. आता विचार करा. मे महिन्यात टेबल घट्ट गुंडाळलं, तेव्हा लाकडात आणि आतल्या हवेत जो काही ओलावा होता, तो सगळा पॅक झाला. वर पत्र्याचं छप्पर. दिवसा तापायचं, रात्री गार व्हायचं. प्रेशर कुकरचं झाकण थंड झाल्यावर आतून जसं ओलं होतं, तसंच प्लास्टिकच्या आत रोज होत राहिलं. हवेची आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी मजेत वाढते. मुंबईचा पावसाळा तर ८०च्या वरच असतो, तिथे बुरशीला आणखी निमंत्रण कशाला?

"पण काका, सागवान होतं ते. सागवानाला काही होत नाही ना?"

"वाळवी सहज लागत नाही," काका म्हणाले. "तेल असतं त्याच्यात. पण बुरशी वरच्या मळावर आणि पॉलिशवरच बसते. आणि तुझ्या आजोबांच्या वेळी पत्रा चिकटवायचे सरसाने. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ओल लागली की तो सुटणारच."

आणि ठिपके? जुनं पॉलिश लाखेचं असतं, स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेलं. उष्णतेने ते मऊ होतं. बबल रॅपचे फुगे तापलेल्या पॉलिशवर चार महिने टेकून बसले, तर ठसा उमटणार नाही तर काय! म्हणून लाकडाला टेकणारा पहिला थर कायम कापडाचा. वर्तमानपत्रसुद्धा नको, त्याची शाई फिक्या पॉलिशवर उतरते. आणि खाकी टेप तर लाकडावर थेट कधीच नाही. काढताना पॉलिशची साल घेऊनच निघते ती.

कापड म्हटल्यावर आई आतून बोहारणीला द्यायला काढलेलं गाठोडं घेऊन आली. जुन्या सुती साड्या, चार विरलेल्या चादरी आणि आजीने शिवलेल्या दोन गोधड्या. पॅकर्सवाले 'ब्लँकेट रॅपिंग'चे एक्स्ट्रा पैसे सांगून गेले होते, आणि ते सगळं आमच्या माळ्यावर फुकट पडलेलं. बोहारणीचं त्या दिवशी नुकसान झालं, नाइलाज आहे.

मग कपाट. त्याच्याविषयी मला वाटत होतं की ते एकसंध आहे, डोंगर असतो तसं. साडेसहा फूट उंच, दाराला आरसा, वर नक्षीची महिरप. ते तिसऱ्या मजल्यावर आलं कसं, हा लहानपणीचा मोठा गहन प्रश्न होता. काकांनी दार उघडलं, आत डोकं घातलं, हाताने चाचपलं आणि लाकडी हातोडीने कुठेतरी दोन हलके ठोके मारले. महिरप टोपीसारखी उचलली गेली! मग एकेक लाकडी खुंटी निघत गेली आणि अर्ध्या तासात डोंगराचे सात तुकडे झाले. एकही खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, वरून पाचर. ज्याने बनवलं त्याला माहीत होतं की हे एक दिवस जिन्यावरून खाली न्यावं लागणार आहे. बाबा पासष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांनाही हे माहीत नव्हतं. ते शाळकरी मुलासारखे उकिडवे बसून प्रत्येक तुकड्यामागे खडूने नंबर घालत होते.

इथे आपल्या पिढीच्या फर्निचरबद्दल एक कटू सत्य सांगून टाकते. आपण सेलमध्ये जे वॉर्डरोब घेतो, ते बहुतेकदा पार्टिकल बोर्डचे असतात, म्हणजे भुसा आणि चिकटवण. त्यात स्क्रू एकदा बसला की बसला. काढून पुन्हा लावला की पकड सैल, तिसऱ्यांदा भोकच भुगा होतं. आणि एकदा पाणी प्यायलं की ते फुगतं ते कायमचं, वाळल्यावर परत बसत नाही. प्लायवूडचं बरं असतं, पण तिथेही शिक्का बघा. आयएस ३०३वालं एमआर प्लाय म्हणजे थोडीफार ओल सोसणारं, पाण्यात टिकणारं नव्हे. त्यासाठी मरीन प्लाय, आयएस ७१०. माझं स्पष्ट मत, पार्टिकल बोर्डचं कपाट दोन शिफ्टिंगनंतर तिसऱ्यांदा हलवायच्या भानगडीत पडू नका, विकून टाका. त्याच्या पॅकिंगला आणि गोडाऊनला जे मोजाल, त्यात नवं येईल. हलवायचंच असेल तर सुटं करताना प्रत्येक स्टेपचा फोटो काढा, आणि स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच फर्निचरच्या खणात बांधून ठेवा. 'किचनच्या बॉक्समध्ये टाकलेत' या वाक्याने आजवर किती बेड जमिनीवर झोपलेत, माझा तिसरा फ्लॅटमेट सांगेल.

शिफ्टिंगचा दिवस एप्रिलमधला रविवार. पाच हमाल. काका काही करणार नव्हते, फक्त जिन्यात खुर्ची टाकून बसले होते. पण त्यांच्या त्या बसण्यानेच अर्धं काम झालं. कारण फर्निचर रस्त्यावर कमी मोडतं, जिन्याच्या वळणावर जास्त. एका पोराने खुर्ची हातांना धरून उचलली, काका ओरडले, "बसायच्या पाटाखाली धर रे!" खुर्चीचे हात हे उचलायचे हँडल नव्हेत, त्यांचे सांधे तेवढ्याचसाठी नसतात. टेबलही वरच्या फळीला धरून नाही, खालच्या चौकटीला धरून. आणि ओढायचं तर काहीच नाही. ओढलं की सगळा जोर पायाच्या सांध्यावर येतो. वरून पाय शाबूत दिसतो, आत सांधा खिळखिळा. सहा महिन्यांनी टेबल डुगडुगायला लागतं आणि आपण शिव्या फरशीला घालतो.

आरसा दारातून काढला नाही, काकांनीच नको म्हटलं. जुनी काच, जुनी पट्टी, काढताना गेली तर गेली. त्यावर कागदी टेपची फुली, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, मग गोधडी, आणि सगळ्यात बाहेर प्रवासापुरतं प्लास्टिक. दार टेम्पोत उभंच बांधलं, आडवं नाही. काच, आरसा, संगमरवराचा टॉप, सगळ्यांना हा नियम. आडवी ठेवली की मधला भाग अधांतरी राहतो आणि पहिल्याच खड्ड्याला निकाल लागतो. आणि आपल्या रस्त्यावर पहिला खड्डा लांब नसतो, तुम्हाला सांगायला नकोच.

कागदपत्रांचं मी बघितलं. (मासकॉमची डिग्री घरच्यांच्या कामी आली अशी ही पहिलीच वेळ.) पॅकर्सच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे 'ओल्ड, स्क्रॅच्ड' असं सरसकट लिहिलेलं होतं. आजीच्या कपाटापुढेही! ते मी खोडायला लावलं, प्रत्येक बाजूचे फोटो काढले आणि त्यांच्या सुपरवायझरला तिथल्या तिथे व्हॉट्सॲप केले. किमतीचा कॉलम भरला. हा कॉलम आपण 'काय करायचंय' म्हणून रिकामा सोडतो. पण २००७च्या रस्ते वाहतुकीच्या कायद्यात ट्रान्सपोर्टरची जबाबदारी मर्यादित आहे. जास्त जोखमीचा दर भरला, तरच ती वाढते. आणि नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. गोडाऊनमधल्या नुकसानीसाठी ग्राहक आयोगाची वाट आहे, मुदत दोन वर्षं, आणि सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवरून करता येते. हे मला कधी कळलं? २०२५मध्ये. माझं टेबल बिघडलं २०२२च्या सप्टेंबरात. करा हिशेब.

गोडाऊन शोधायलाच मला सर्वात जास्त वेळ लागला. भिवंडीत सहा पाहिले. वेबसाइटवर सगळेच 'सीसीटीव्ही, पेस्ट कंट्रोल, ट्वेंटी फोर सेव्हन सिक्युरिटी'. चोर आजीचं कपाट कशाला नेईल, सांगा मला! मी गेल्या-गेल्या दोनच गोष्टी करायचे. एक, आत शिरून खोल श्वास घ्यायचा. कुबट वास आला तर तिथूनच परत. दोन, भिंतीच्या खालच्या दोन फुटांकडे बघायचं. पाणी येऊन गेलं असेल तर भिंतीवर मातकट रेघ राहते, नवा रंग दिला तरी पोपडे सांगतात. तळमजल्याला मी कटाप मारला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी शाळेत होते, पण आमच्या तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंचा दिवाण पाण्यावर तरंगत दारापर्यंत आलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. आणि पुण्याचं म्हणाल तर २५ जुलै २०२४ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय झालं, ते सगळ्यांनी बघितलंच आहे.

शेवटी पहिल्या मजल्यावरची एक खोली मिळाली. सिमेंटचा स्लॅब, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, आणि महिन्यातून एकदा येऊन उघडून बघायची परवानगी. ही परवानगी मी लेखी घेतली. सामान ठेवलं की तीन वर्षं कुलूप, असं फर्निचरचं नसतं.

तिथे पोचल्यावर काकांच्या मुलाने पहिलं काम काय केलं असेल? सगळं प्लास्टिक फाडून काढलं. पॅकर्सची पोरं बघतच राहिली. मग जमिनीवर लाकडी पट्ट्या टाकून त्यावर कपाट पुन्हा उभं केलं, भिंतीपासून वीतभर लांब. सुटं का नाही ठेवलं? कारण फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या की वाकतात, आणि उभं कपाट स्वतःच स्वतःला सरळ धरतं. दारं बोटभर उघडी, मध्ये कापडाची घडी अडकवलेली. खण थोडे बाहेर. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी, लाकडाला न टेकता टांगलेली. वर आजीच्या दोन साड्या, सैल. सोफा त्याच्या पायांवरच, उभा करून नाही. गादी आडवी सपाट आणि तिच्यावर काहीही नाही. 'जागा वाचते' म्हणून लोक गादीवर मिक्सरपासून सायकलपर्यंत सगळं रचतात, मग तीन वर्षांनी पाठ धरते ती ऑफिसच्या खुर्चीमुळे नाही, बरं का.

आणि झोपाळा. त्याचा पाट चार पट्ट्यांवर आडवा ठेवला, पितळी कड्या पुसून वेगळ्या बांधल्या.

त्या वर्षी पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला, नोंदी आहेत तेव्हापासून इतका लवकर कधीच आला नव्हता. मी पुण्यात खिडकीतून बाहेर बघायचे आणि मला भिवंडी दिसायची. जूनमध्ये गेले, ठीक. जुलैत गेले, कपाटाच्या मागच्या फळीवर खाली हाताएवढा पांढरा डाग. कोरड्या ब्रशने बाहेर नेऊन झाडला (तोंडाला मास्क लावून, बुरशी श्वासात घ्यायची चीज नाही), किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा केला, कपाट भिंतीपासून आणखी पुढे ओढलं. म्हणजे उचललं, काका! ऑगस्टमध्ये डाग परत आला नव्हता. सप्टेंबरला एक डेडलाइन आडवी आली आणि माझी चक्कर चुकली.

ऑक्टोबरमध्ये मी निघाले तर बाबा म्हणाले, येतो. त्यांनी तोवर गोडाऊन पाहिलंच नव्हतं. वर गेलो, कुलूप काढलं. बाबांनी साडी बाजूला केली, दार उघडलं, मधला खण धरून ओढला. सर्रकन आला. त्यांनी तो आत ढकलला आणि पुन्हा ओढला. तीन-चार वेळा. मी खिडकीशी उभी राहून मोबाइलमध्ये काहीतरी बघत असल्याचं दाखवत होते.

मग ते झोपाळ्याकडे वळले. पाट पट्ट्यांवर नव्हता. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी सामान नेताना पोरांनी वाट करायला तो उचलला होता आणि भिंतीला तिरका टेकवून ठेवला होता. किती दिवस, कुणालाच सांगता येईना. बाबांनी एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली. मधोमध बाक आला होता. फार नाही, बोटभर.

मी तिथूनच सुतारकाकांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी पाट सगळ्या बाजूंनी दाखवायला लावला. म्हणाले, उलटा घालून सपाट ठेवा, फुगीर बाजू वर, आणि वजन सारखं पसरून द्या, एकाच ठिकाणी नको. "थंडीत हवा कोरडी झाली की थोडा बसेल. सगळा बसेल असं नाही सांगत."

आम्ही दोघांनी मिळून पाट उलटा घातला. वजन काय ठेवायचं? बाबांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि माझ्या कॉलेजच्या पुस्तकांचे दोन खोके ओढले. उघडून एकेक पुस्तक पाटावर ओळीने मांडायला लागले, मीही बसले शेजारी. अर्धा तास लागला. खाली उतरताना त्यांनी कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, दोन पायऱ्या उतरले, मग थांबून ती माझ्या हातात दिली.

"टेबलाचे ठिपके जातील का गं?" त्यांनी विचारलं.

काका म्हणालेत, खरवडायचं नाही, स्पिरिटचा हात फिरवून वरून लाखेचे चार-पाच हात द्यायचे. नवं पॉलिश जुन्यात मिसळतं, निम्मे जातील. शिसवीचा पत्रा पुन्हा चिकटवायचा आणि अडकलेल्या खणावर रंधा मारायचा, पण तो पावसाळ्यात नाही, खण पुरता वाळल्यावर. नाहीतर उन्हाळ्यात तोच खण खुळखुळा वाजेल.

डिसेंबरात काका पुण्याला यायचं म्हणतायत. माझं ॲग्रीमेंट फेब्रुवारीत संपतंय.